तापत का नाही? वैरागच्या गरम पाण्याचा आढावा

दिवाळीचं अभ्यंगस्नान आलं की वैरागमध्ये पाणी तापवायच्या यंत्रांची परीक्षा सुरू होते. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं, बार्शी तालुक्यातलं हे मोठं बाजारगाव. आता नगरपंचायतीचं. उन्हाळ्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही आणि गीझर कुणाला आठवतही नाही. पावसाळ्यातले गारठ्याचे दिवस सोडले तर खरी गरज कार्तिक ते माघ. बाकीचा काळ यंत्र नुसतं भिंतीला टांगलेलं. बिघाडाची बरीच मुळं या टांगून राहण्यातच असतात. आतला रबरी पडदा कडक होतो, सेल गळून त्यांचा खण गंजतो, बर्नरच्या बारीक तोंडात कोळी जाळं विणतो, तळाशी बसलेला क्षार घट्ट होतो. मग पहिल्याच पहाटे, अंगाला तेल लागलेलं असताना, घरभर एकच प्रश्न: तापत का नाही?

आपण लगेच यंत्राला दोष देतो. कंपनी खराब, दुकानदाराने फसवलं, मिस्त्रीला कळत नाही. पण या गावातल्या तक्रारी एकेक करून तपासल्या तर दिसतं की यंत्र बहुधा ठीकच असतं. त्याच्याकडे येणारं पाणी, त्या पाण्याचा दाब, भिंतीतून येणारी वीज आणि न्हाणीघरातली हवा यांतच कुठंतरी घोळ असतो. गीझर बनवणारा शहरातला दाबाचा नळ आणि चांगलं अर्थिंग गृहीत धरतो. वैरागमध्ये असतात बोअर, स्लॅबवर टेकवलेली टाकी आणि वर्षानुवर्षं कुणी न उघडलेला अर्थिंगचा खड्डा. म्हणून दुरुस्ती यंत्रापासून नाही, घरापासून सुरू करावी लागते.

सुरुवात बंबापासून करू, कारण तो अजून हद्दपार झालेला नाही. शेतावरच्या वस्त्यांवर आणि जुन्या वाड्यांच्या मोरीत तांब्याचे बंब आजही पेटतात. पुण्याच्या तांबट आळीने नाव कमावलेलं हे यंत्र रचनेनं फार शहाणं आहे. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी. धूर वर जाता जाता पाण्याला ऊब देतो. चाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला जवळपास १.९ युनिट उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाची एक तृतीयांश उष्णता जरी पाण्याला लागली, तरी ते सव्वा-दीड किलोत भागतं. या भागात लाकडाऐवजी तुराट्या, मक्याची बुरकुंडं आणि गोवऱ्या चालतात. बार्शीच्या बाजारात तुरीची आवक मोठी, तेव्हा तुराट्यांना तोटा नाही. बंबाचे आजारही मोजकेच. धूर उलटा घरात येऊ लागला तर नळीत काजळी धरली आहे, ती काठीला फडकं बांधून काढावी. तोटीच्या मुळाशी ठिबकत असेल तर वायसर बदलावा. सांधा उकलला असेल तर कुणीतरी पाणी न भरताच विस्तव टाकला होता, हे नक्की. घरात विचारून उपयोग नाही, कुणी कबूल होणार नाही. बंबाचा खरा दोष धूर. तो बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातो. अंगणात किंवा उघड्या पडवीत असेल तर बंब ठेवावा, बंद मोरीत मात्र नको.

आता या सगळ्या गोष्टीतला खरा खलनायक: क्षार. हा भाग दख्खनच्या काळ्या कातळाचा. खडकाच्या फटींतून झिरपत आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. पाणी थंड असतं तोवर हे क्षार विरघळलेले राहतात. तापलं की कॅल्शियमचं बायकार्बोनेट फुटून कार्बोनेट होतं, आणि ते पाण्यात न विरघळणारं, म्हणजे खडूसारखं पांढरं. साठ अंशांच्या वर हा वेग बराच वाढतो. भारतीय मानक संस्थेच्या आय.एस. १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी असं म्हटलं आहे. पण हा हिशेब पोटाचा आहे, कॉइलचा नाही. चारशेचं पाणी माणूस वर्षानुवर्षं पितो. गीझरची कॉइल त्यात दोन-तीन हिवाळ्यांत पांढरी जाड होते.

थर बसला की दोन गोष्टी होतात. उष्णता पाण्यापर्यंत उशिरा पोचते, आणि अडकलेल्या उष्णतेनं कॉइल स्वतःच जास्त तापून फुटते. त्याआधी ती सूचना देते: गीझरमधून खडखड, सूं-सूं असा आवाज येऊ लागतो. थराखाली अडकलेलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे फुटत असतात. हा आवाज आला की मिस्त्रीला बोलवायचं, फुटल्यावर नाही. मिस्त्री आला की त्याला दोन कामं सांगायची. कॉइल काढून सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या, कोमट पाण्यात भिजवून साफ करायची. आणि मॅग्नेशियमचा रॉड बघायचा. हा रॉड टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः गंजावा म्हणूनच बसवलेला असतो. तो झिजून नुसती तार उरली असेल तर पुढचा नंबर टाकीचा. क्षाराच्या पाण्यात तो भराभर संपतो, तरी बदलायला सांगणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. संडास धुवायचं दुकानातलं ॲसिड मात्र गीझरमध्ये कधीही ओतू नये. क्षार जाईल, पण त्याच्यासोबत धातूही जाईल.

आपलं पाणी किती जड आहे हे कळायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. बाटलीत अर्धं पाणी घ्यावं, साबणाचा किस टाकून हलवावं. फेस न येता दह्यासारखा चोथा तरंगला तर पाणी जड. आकडाच हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेची सोय आहे. दोन नळ असलेल्या घरांनी बोअरचं पाणी भांड्या-धुण्याला ठेवून गीझरला नळयोजनेचं पाणी द्यावं. पाईप जोडायचा एकदाचा खर्च. कॉइलचं आयुष्य यानं वाढतं.

विजेच्या गीझरची सगळ्यात मोठी तक्रार, ‘पाणी पुरत नाही’, ही बहुतेकदा बिघाड नसून गणित असतं. पंधरा लिटरच्या टाकीत साठ अंशांचं पाणी आहे आणि त्यात वीस अंशांचं तेवढंच विसण घातलं, तर चाळीस अंशांचं तीस लिटर होतं, म्हणजे जेमतेम दोन बादल्या. तिसऱ्या माणसाला थांबावंच लागतं. किती, तेही मोजता येतं. ती टाकी पुन्हा तापायला ०.७ युनिट वीज लागते; दोन हजार वॅटच्या कॉइलला एकवीस मिनिटं. पण व्होल्टेज २३० ऐवजी १९० असेल तर कॉइलची ताकद वर्गाच्या हिशेबानं घटते, दोन हजारची चौदाशेच्या आत येते आणि एकवीस मिनिटांची एकतीस होतात. पहाटे शेतीपंप चालू असताना गीझर ‘मंद’ वाटतो तो यामुळे. अशा वेळी कॉइल बदलून काहीच होत नाही.

अजिबात तापत नसेल तर क्रम सोपा आहे. दिवा लागतो का? लागत नसेल तर सॉकेट बघावं. दोन हजार वॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. त्याला सोळा अँपिअरचं जाड सॉकेट लागतं. मोबाईल चार्जरच्या बोर्डावर लावलेला गीझर आधी प्लग काळा करतो, मग तोंडही काळं करतो. दिवा लागतोय पण पाणी थंड, तर कॉइल तुटलेली किंवा थर्मल कटआउट उडालेला. कटआउटचं बटण पुन्हा दाबता येतं, पण तो का उडाला हे शोधल्याशिवाय दाबू नये. थर्मोस्टॅट चिकटला असेल तर पुन्हा उडेल, आणि उडायलाच हवा. खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतं, ही दुसरी घाबरवणारी गोष्ट. पंधरा लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर गेलं की फुगून सुमारे पाव लिटर वाढतं, ते त्या वाटेनं बाहेर येतं. व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. ठिबकणं नको म्हणून कुणी तिथं बूच मारून दिलं तर त्या मिस्त्रीला पुन्हा दारात उभं करू नये. दाब बाहेर पडायची वाट बंद केलेला गीझर स्फोट करू शकतो.

शॉकचा विषय वेगळा काढायला हवा. तीन पिनांचं सॉकेट असलं म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही. पुष्कळ घरांत तिसऱ्या पिनेची तार कुठंच जात नाही. जिथं खड्डा आहे तिथंही काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते आणि अर्थिंगचा उपयोग उरत नाही. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं हे वायरमन सांगतो, आपण विसरतो. आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवावाच. हातातल्या रॉडनं पाणी तापवणाऱ्या घरात तर तो हवाच हवा. हा रॉड स्वस्त, हलका, भाड्याच्या खोलीतल्या मुलांचा लाडका, आणि या यादीतलं सगळ्यात कपटी यंत्र. लोखंडी बादलीत टाकला की बादलीच वीजवाहक. ‘तापलं का’ बघायला बटण चालू ठेवून बोट घालायची सवय अजून गेलेली नाही.

गॅसगीझर वैरागसारख्या गावात लोकप्रिय होण्याचं कारण उघड आहे. वीज गेली तरी चालतो, थांबावं लागत नाही, सिलिंडर घरात असतोच. त्याच्या तक्रारी मुख्यतः दाबाच्या. बहुतेक गॅसगीझरना पेट घ्यायला पाव बारच्या आसपास पाण्याचा दाब लागतो. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक बार. म्हणजे गीझरच्या वर अडीच मीटरवर पाणी हवं. टाकी स्लॅबवर विटांवर टेकवलेली आणि गीझर माणसाच्या उंचीवर, मग हा फरक मीटर-सव्वा मीटरचाच भरतो. टाकी भरलेली असते तोवर पेटतो, अर्धी झाली की विझतो. माणसं म्हणतात गीझर लहरी आहे. तो लहरी नाही, टाकी बुटकी आहे. टाकी स्टँडवर चढवावी किंवा छोटा प्रेशर पंप बसवावा. टाकी उंच असूनही ठिणगी पडत नसेल तर दोन मोठे सेल बदलून बघावेत. त्यातही नाही तर पाणी येण्याच्या तोंडावरची जाळी काढून धुवावी, क्षाराचे कण तिथं अडकतात. ठिणगी पडते, गॅस येत नाही, असं असेल तर आतला रबरी पडदा फाटलेला किंवा कडक झालेला. पडद्याचं काम स्वस्तातलं आहे, पण ते मिस्त्रीकडूनच करून घ्यावं.

इथं थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बाकीचे बिघाड आंघोळ चुकवतात आणि हा जीव घेतो. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅसगीझर अकरा किलोवॅटच्या आसपास आग पेटवतो. एका घनफळ गॅसला जळायला पंचवीस-तीस पट हवा लागते. चार बाय पाचची न्हाणी, थंडी म्हणून खिडकी बंद, दाराला आतून कडी. हवेतला प्राणवायू उतरत जातो, ज्योत निळी सोडून पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडीपर्यंत हात पोचत नाही. पुण्या-मुंबईसारख्या शहरांतून अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात येत राहतात. मेंदूविकारतज्ज्ञांनी बेशुद्धी आणि झटक्यांचे असे रुग्ण ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावानं नोंदवले आहेत. अशा माणसाला फिट आली समजून कांदा हुंगवत बसू नये. दार तोडून उघड्यावर आणावं आणि दवाखाना गाठावा.

न्हाणीला झरोका आहे म्हणून आतला गीझर चालेल, असं दुकानात सर्रास सांगतात. माझ्या मते ते खोटं आहे, कारण थंडीत तोच झरोका घरातलं कुणीतरी गोणपाटानं बुजवतं. गीझर बाहेरच्या भिंतीवर, आणि पाईपातून फक्त पाणी आत, एवढाच नियम पुरेसा आहे.

सोलरकडे वळू. वैराग साधारण १८ अंश अक्षांशावर. पावसाळा सोडला तर ऊन भरपूर. काचेच्या नळ्यांचा सोलर बंब हे या हवामानासाठीचं सगळ्यात नेमकं यंत्र, असं मला वाटतं. पंप नाही, कॉइल नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, थंड खाली उतरतं. केंद्राचं याचं अनुदान २०१४ मध्ये थांबलं, तरी गच्च्यांवर नळ्या वाढतच गेल्या. तक्रारी मात्र ठरलेल्या. पहिली, टाकीच भरत नाही. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवी. इथं पुष्कळदा सोलर ऐटीत स्टँडवर आणि सिंटेक्स खाली. दुसरी, पहाटेची पहिली बादली थंडच येते. एक इंची पाईप मीटरमागे अर्धा लिटर पाणी धरतो. वीस मीटरची लाईन म्हणजे दहा लिटर, रात्रभर गार झालेलं. ते वाया न घालवता बादलीत काढून विसण म्हणून वापरावं, आणि पाईपावर फोमचं वेष्टण घालावं. तिसरी तक्रार चकवणारी: दिवसभर कडक ऊन, तरी सोलरचं पाणी कोमट. अशा वेळी गच्चीवर जाण्याआधी न्हाणीतला मिक्सर बघावा. शॉवर बंद पण मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या असतील तर थंड पाणी त्या वाटेनं गरमाच्या लाईनीत शिरतं. एका घरचा उघडा मिक्सर तीन मजल्यांचं पाणी गार करतो.

मिक्सर ठीक असेल तर नळ्या बघाव्यात. प्रत्येक नळीच्या टोकाशी आतून आरशासारखा रुपेरी डाग असतो, बेरियमचा. तो पांढरा, दुधाळ झाला असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी संपली. ती नळी आता उष्णता धरत नाही. तेवढीच बदलावी, सगळ्या नव्हे. टाकीवरची उभी हवानळी कधीही बंद करू नये. ती वाफेला बाहेर जायची आणि हवेला आत यायची वाट आहे. बंद केली की टाकी एकतर फुगते नाहीतर पाणी ओढलं जाताना आत दबते. तिचं तोंड मात्र थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर तिथून रात्रंदिवस पाणी सांडतं.

सोलरचा खरा शत्रू थंडी नाही, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये गरम पाणी कुणी वापरत नाही, टाकीतलं पाणी ऐंशी-नव्वद अंशांवर दिवसेंदिवस उभं राहतं आणि वर्षातला सगळ्यात जास्त क्षार याच दिवसांत बसतो. त्यात नळाचा भरवसा नसतो. टाकी कोरडी पडली, नळ्या भर दुपारी रिकाम्या तापल्या आणि तेवढ्यात टँकर येऊन थंड पाणी सोडलं गेलं, की काच तडकते. उपाय फुकट आहे: होळी झाली की निम्म्याहून जास्त नळ्यांवर पोती टाकून बांधायची, आणि रिकाम्या सोलरमध्ये पाणी सोडायचं ते पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. गारांचीही धास्ती असतेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट या पट्ट्यातले द्राक्षबागायतदार विसरलेले नाहीत. तीच पोती तिथंही कामाला येतात.

हे सगळं खेडेगावचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर लंडनमध्ये राहणाऱ्या वैरागच्या मुलाला फोन करून बघावा. तिथं घरोघरी गॅसचा कॉम्बी बॉयलर, तोच नळाला गरम पाणी देतो आणि तोच खोल्यांतले रेडिएटर तापवतो. बॉयलर बंद पडला की तिथंही आधी दाबाचा काटा बघतात. तो एक ते दीड बारच्या दरम्यान हवा. रेडिएटर वरून गार, खालून गरम असेल तर आत हवा अडकलेली, ती चावीनं सोडायची. लंडनचं पाणीही खडूच्या खडकातून आलेलं, तेव्हा क्षार आहेच. हिशेब आपलाच: पाणी, दाब, हवा.

आता निवड कशाची करावी? गच्ची आपली असेल आणि टाकी उंच चढवता येत असेल तर सोलर, आणि पावसाळी दिवसांसाठी पंधरा-पंचवीस लिटरचा विजेचा गीझर. एक नवा फाटा मात्र लक्षात घ्यावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सोलर पॅनेलला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. पॅनेल आणि नळ्या एकाच गच्चीवर एकाच उन्हासाठी भांडणार. छोट्या गच्चीला मी पॅनेल निवडेन आणि गीझर पहाटेऐवजी दुपारी तापवून ठेवेन; चांगल्या वेष्टणाची टाकी रात्रभर ऊब धरते. भाडेकरूनं विजेचा गीझर घ्यावा, अर्थिंग तपासून. वस्तीवर बंब आहे तो राहू द्यावा. गॅसगीझर नव्यानं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याकडे तो आधीच आहे आणि न्हाणीच्या आतल्या भिंतीवर आहे, त्यांनी दिवाळीची वाट बघू नये. याच आठवड्यात मिस्त्रीला बोलावून तो बाहेर काढून घ्यावा. दोन-तीन मीटर पाईप, गॅसची नवी नळी आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढंच काम आहे.